औषध ‘उष्ण पडले’ म्हणजे नेमके काय झाले? : अनुवंश, औषध आणि आयुर्वेदाचा विद्यार्थी

कसारा, खर्डी, डोळखांब या पट्ट्यात वैद्यकव्यवसाय करणाऱ्या कोणाही व्यवसायबंधूस ‘औषध उष्ण पडले’ हे शब्द परिचित आहेत. गोळी घेतल्यावर तोंड आले, मूत्राचा दाह झाला, अंगावर पुरळ उठले, काहीही झाले तरी रुग्णाचे नातलग हेच सांगतात. आणि खरे बोलायचे तर आपणही बहुधा तेच मान्य करून मोकळे होतो. शतावरी, गुलकंद, धणे-जिऱ्याचे पाणी सांगावे, मूळ औषध थांबवावे, प्रकरण मिटले. या एका शब्दाखाली किती भिन्न गोष्टी झाकल्या जातात याचा विचार आम्ही स्वतः व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांत केला नव्हता. तो करण्यास भाग पाडणारा प्रसंग आधी सांगतो.

पावसाळा सरला होता, भातकापणी उरकत आली होती. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाण्याच्या तयारीत असलेल्या एका कातकरी कुटुंबातील अकरा-बारा वर्षांच्या मुलास थंडी वाजून ताप येत होता. रक्तात व्हायवॅक्स हिवतापाचे जंतू सापडले. आम्ही तीन दिवस क्लोरोक्विन दिले आणि यकृतात दडून राहणारे जंतू नष्ट होऊन ताप पुन्हा उलटू नये म्हणून चौदा दिवसांचे प्रायमाक्विन लिहून दिले. मात्रा वजनानुसार, पुस्तकात आहे तीच. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. चौथ्या दिवशी संध्याकाळी आई त्याला पाठुंगळी घेऊन आली. लघवी कोऱ्या चहासारखी होत होती, डोळे पिवळे, ओठ पांढरेफटक. “डॉक्टर, तुमची गोळी उष्ण पडली पोराला,” ती म्हणाली.

आम्ही पित्तप्रकोप मानला. मूत्राचा वर्ण, नेत्रांचा वर्ण, दाह, सारेच त्या निदानास अनुकूल होते. शीतोपचार सांगितले आणि चौदा दिवसांचा क्रम मोडू नये असे शिकविले गेलेले असल्यामुळे गोळी चालूच ठेवावयास सांगितली. ही आमची चूक होती, ती येथे लिहून ठेवतो. दुसऱ्या दिवशी मुलास धाप लागली. खालच्या मोठ्या रुग्णालयात नेले तेव्हा हिमोग्लोबिन चारच्या घरात आले होते. दोन बाटल्या रक्त चढवावे लागले. मूल वाचले. तेथील एका ज्येष्ठ चिकित्सकांनी आमच्या देखत त्या आईस एकच प्रश्न विचारला, “याच्या मामाला कधी असे झाले होते का?” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “झालं होतं. सरकारी गोळ्या खाल्ल्या तेव्हा लाल मुतला होता.”

त्या प्रश्नात जे ज्ञान होते ते आम्हास महाविद्यालयात कोणी दिले नव्हते, असे आज वीस वर्षांच्या व्यवसायानंतरही म्हणावे लागते. ज्ञान उपलब्ध नव्हते असे मात्र नाही. १९५६ सालीच अमेरिकेतील संशोधकांनी या व्याधीचे मूळ शोधले होते. रक्तातील तांबड्या पेशीत ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज, म्हणजे जी-सिक्स-पी-डी, या नावाचे एक विकर असते. तांबडी पेशी प्राणवायू वाहून नेते, पण त्याच प्राणवायूच्या दाहक रूपापासून स्वतःचे रक्षणही तिला करावे लागते, आणि त्या रक्षणाची रसद या विकराकडून येते. प्रायमाक्विनसारखे औषध शरीरात गेले की हा दाहक भार एकाएकी वाढतो. ज्याच्या पेशींत विकर पुरेसे आहे त्याला काही होत नाही. ज्याच्या पेशींत ते जन्मतः उणे आहे त्याच्या जुन्या पेशी, ज्यांतील विकर वयाबरोबर आणखी क्षीण झालेले असते, दोन-चार दिवसांत फुटू लागतात. रक्तरंजक द्रव्य मूत्रावाटे बाहेर पडते आणि मूत्र कोऱ्या चहासारखे दिसते. हा शोध ज्या प्रयोगांतून लागला ते इलिनॉयमधील स्टेटव्हिल कारागृहातील कैद्यांवर केलेले होते. त्या प्रयोगांच्या नीतिमत्तेवर पुढे बरीच टीका झाली आणि ती योग्यच होती. परंतु निष्कर्ष तेव्हापासून उपलब्ध आहे.

हा काही परदेशातला, आपल्याशी संबंध नसलेला विषय आहे असे कोणास वाटत असेल तर त्यांनी एक नाव लक्षात ठेवावे. १९८४ साली एका कोळी कुटुंबात या विकराचा एक नवा न्यून प्रकार आढळला आणि तो आंतरराष्ट्रीय नियतकालिकात ‘जी-सिक्स-पी-डी कल्याण’ या नावाने प्रसिद्ध झाला. कसाऱ्याहून सुटणारी लोकल ज्या कल्याणला थांबते, तेच हे कल्याण. १९९२ साली असे सिद्ध झाले की कल्याणचा प्रकार आणि केरळमध्ये सापडलेला प्रकार वस्तुतः एकच आहे. दोहोंत विकराच्या शृंखलेतील ३१७ व्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसीन आलेले असते. तेव्हापासून त्यास ‘केरळ-कल्याण’ म्हणतात, आणि मेडिटरेनियन व ओरिसा या दोन प्रकारांसह तो भारतात प्रामुख्याने आढळणाऱ्या तीन प्रकारांत गणला जातो. जगभरच्या अनुवंशशास्त्राच्या ग्रंथांत आपल्या तालुक्याशेजारच्या गावाचे नाव आहे आणि त्या गावाच्या परिसरात वैद्यकी करणाऱ्या आम्हास ते एका मुलाच्या जिवावर बेतल्यावर कळले. (यावरून समस्त कोळी बांधवांत हे न्यून असते असा अर्थ कोणी काढू नये. कुटुंब एक होते, नाव गावाचे दिले गेले इतकेच.)

आता मूळ मुद्द्याकडे येतो. औषधाचा परिणाम रुग्णाच्या अनुवंशावर कसा अवलंबून असतो हे वैद्यकीच्या विद्यार्थ्यास शिकविणे आवश्यक आहे, आणि आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यास तर विशेषकरून आवश्यक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ‘विशेषकरून’ म्हणण्याचे कारण व्यावहारिक आहे. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर, नवसंजीवनी योजनेच्या भरारी पथकांत, प्राथमिक आरोग्य केंद्रांत, पावसाळ्यात पहिला रुग्ण तपासणारा डॉक्टर बहुधा बी.ए.एम.एस. असतो. हिवतापाची, क्षयाची, कुष्ठरोगाची औषधे त्याच्या हातून जातात. आपण शुद्ध आयुर्वेद करावा की मिश्र चिकित्सा करावी हा वाद या नियतकालिकाच्या पानांवर पुष्कळ झाला आहे, तो येथे उकरून काढावयाचा नाही. जो औषध देतो त्याने ते कोणास बाधते हे जाणलेच पाहिजे, यावर दोन्ही पक्षांचे एकमत असावे.

दुसरे कारण शास्त्रीय आहे आणि आम्हास ते अधिक मोलाचे वाटते. चरकाचार्यांनी इंद्रियस्थानाच्या आरंभी प्रकृतीचा विचार करताना जाती, कुल, देश, काल, वय आणि प्रत्येक व्यक्तीचे स्वतःचे असे वैशिष्ट्य हे सहा आधार सांगितले आहेत. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायातील दशविध परीक्षेत प्रकृतीबरोबरच सार, सात्म्य, आहारशक्ती हे सारे येते. सुश्रुतांनी आदिबलप्रवृत्त व्याधींचे मातृज आणि पितृज असे दोन भेद केले. विरेचनाची मात्रा ठरविण्यापूर्वी मृदू, मध्य की क्रूर कोष्ठ हे पाहण्याची शिस्त तर आपल्यातील प्रत्येकास ठाऊक आहे. एकाच द्रव्याची एकच मात्रा दोन शरीरांत दोन प्रकारे वागते, हे ज्या शास्त्रास मुळापासून मान्य आहे, त्याच्या विद्यार्थ्यास औषध-अनुवंशशास्त्र परके वाटू नये. पण ते परके वाटते. कारण प्रकृतीचा पाठ क्रियाशारीरात संपतो, परीक्षेसाठी प्रकृतिपरीक्षणाचा तक्ता भरला जातो, केस मऊ की राठ, झोप गाढ की सावध, बोलणे जलद की सावकाश, आणि औषधाची मात्रा मात्र वेगळ्या वर्गात, वेगळ्या शिक्षकाकडून, किलोग्रॅमवर शिकविली जाते. या दोन वर्गांच्या मध्ये जी भिंत आहे तिच्याआड आमचा तो रुग्ण सापडला.

येथे एक इशारा देणे आम्हास कर्तव्य वाटते, मग तो काही ज्येष्ठांस रुचो वा न रुचो. अनुवंशशास्त्राचे नाव निघाले की आपल्या परिषदांतून ‘हे तर आमच्या ग्रंथांत आधीच होते’ असा घोष होतो आणि टाळ्या पडतात. पुणे विद्यापीठातील संशोधकांनी प्रकृती आणि सी.वाय.पी. २सी१९ हे यकृतातील विकर यांचा संबंध तपासला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पित्तप्रकृतीच्या व्यक्तींत औषधाचे शीघ्र विघटन करणारी अनुवंशिक घडण अधिक, तर कफप्रकृतीत मंद विघटनाची घडण तुलनेने अधिक आढळली. पित्ताची तीक्ष्णता आणि कफाचे मंदत्व यांच्याशी हे जुळणारे आहे, यात शंका नाही, आणि आम्हासही ते वाचून आनंद झाला. पण त्या अभ्यासातील व्यक्ती होत्या १३२. पुढे २०१५ साली हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राने अन्य संस्थांसह मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ३,४१६ पुरुषांची प्रकृती तपासली गेली. वैद्यांचे मत आणि पुण्याच्या सी-डॅकने विकसित केलेल्या ‘आयुसॉफ्ट’ प्रणालीचे मत यांचा मेळ बसून एकाच दोषाचे स्पष्ट प्राधान्य असलेले जे निवडले गेले ते २६२. उरलेले तीन हजारांहून अधिक कोण? तेच आपल्या दवाखान्याच्या बाकावर बसलेले असतात. द्वंद्वज प्रकृतीचा रुग्ण हा अपवाद नसून तोच नित्याचा आहे.

आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्या मुलाची प्रकृती आम्ही अचूक ओळखली असती तरी काही उपयोग झाला नसता. या विकराचे न्यून कोणत्याही एका प्रकृतीच्या माणसासच असते असे मानण्यास काहीही आधार नाही. त्वचेचा वर्ण, झोप, भूक, स्वभाव यांत ते कोठेच दिसत नाही. वीटभट्टीवर राबणाऱ्या धडधाकट माणसातही ते असू शकते आणि गोळी पोटात जाईपर्यंत त्याचा पत्ताही लागत नाही. प्रकृतीचा तक्ता येथे मुका राहतो. बोलते ते ‘कुल’. मामाविषयीचा तो एक प्रश्न तक्त्यातील तीस प्रश्नांहून अधिक सांगून गेला. हे न्यून एक्स गुणसूत्रावरून जाते. मुलास ते आईकडून मिळते, बापाकडून नव्हे. म्हणून बाधित मुलाच्या आईचा भाऊ आणि आईचे वडील यांची चौकशी करावयाची. बाधित पुरुषाच्या मुलग्यांस ते जात नाही, पण त्याच्या प्रत्येक मुलीकडे जाते आणि तिच्या मुलांत पुन्हा प्रकट होऊ शकते. सुश्रुतांचा ‘मातृज’ हा शब्द विद्यार्थ्यास या उदाहरणाने शिकविला तर तो जन्मभर विसरणार नाही.

‘उष्ण पडले’ या शब्दाखाली काय काय दडते, हे वर्गात उलगडून दाखविता येईल. आपल्या रसशाळांत बिब्ब्याचे शोधन करताना हातास खोबरेल लावले तरी एखाद्या कामगाराचे तोंड सुजते आणि शेजारी बसलेल्यास काहीच होत नाही. पित्तप्रकृतीच्या व्यक्तीस भल्लातक देऊ नये ही शास्त्राज्ञा आहेच. पण हा अपाय मुख्यतः बिब्ब्याच्या तेलाविरुद्ध शरीराने उभारलेल्या प्रतिकारातून येतो. क्षयाचे आयसोनायझिड घेणाऱ्या एकाच्या तळपायांस मुंग्या येतात, दुसऱ्यास येत नाहीत. तेथे प्रतिकाराचा प्रश्न नाही, यकृत ते औषध किती वेगाने निष्क्रिय करते हा प्रश्न आहे, आणि तो वेग अनुवंशाने ठरतो. मद्रासच्या क्षयरोग केंद्राने १९६० च्या दशकातच दाखवून दिले होते की आठवड्यातून एकदाच औषध दिले तर शीघ्र निष्क्रिय करणाऱ्या रुग्णांत उपचार कमी यशस्वी होतात. म्हणजे एकास अपाय, तर दुसऱ्यास अपुरा उपाय. प्रायमाक्विनमध्ये यकृताचा वेग नव्हे, तांबड्या पेशीची दुर्बलता घात करते. तीन रुग्ण, तीन आजी, तिघींच्याही तोंडी एकच वाक्य. वैद्याने ते वाक्य ऐकून घ्यावे; त्यावर थांबू नये.

उदाहरणे आणखीही आहेत. हृदयविकारात दिले जाणारे क्लोपिडोग्रेल शरीरात जाऊन वर उल्लेखिलेल्या २सी१९ विकराकडूनच कार्यक्षम होते. ज्याच्यात हे विकर दुर्बल, त्याला गोळी घेऊनही संरक्षण अपुरे मिळते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये त्यावर ठळक इशारा छापावयास लावला. आर्य वैश्य समाजातील काही व्यक्तींत भूल देताना वापरले जाणारे सक्सिनिलकोलिन दीर्घकाळ उतरत नाही, श्वास परत येण्यास फार वेळ लागतो. तो एका विकराच्या न्यूनाचा परिणाम आहे. तथापि आमच्या विद्यार्थ्यास सारी यादी पाठ करावयास लावावी असे आम्ही म्हणत नाही. यादी उत्तरपत्रिकेत जाते आणि तेथेच राहते.

मग शिकवावे कसे? वर्गात गुणसूत्रांच्या आकृत्या फळ्यावर काढून नव्हे. आमच्या मते आंतरवासितेतील विद्यार्थ्यास एखाद्या पाड्यावर एका कुटुंबासोबत बसवावे आणि तीन पिढ्यांची वंशावळ काढावयास सांगावे : कोणास कोणत्या औषधाने काय झाले, कोणाची लघवी कधी लाल झाली, कोणत्या बाळास जन्मतः कावीळ झाली होती, ज्वर नसताना कोणाचे रक्त एकदम उतरले. आपल्या भागातील आजीबाईंस पाच पिढ्यांची नाती तोंडपाठ असतात. हा खजिना शहरातल्या प्रयोगशाळेकडे नाही. नंतर त्या वंशावळीवर द्रव्यगुण, क्रियाशारीर आणि कायचिकित्सा या तिन्ही विभागांच्या शिक्षकांनी एकत्र बसून चर्चा करावी. तिघे एका टेबलावर आले तर विद्यार्थ्यापूर्वी शिक्षकांचेच शिक्षण होईल, हे आम्ही थोड्या मिस्किलपणे पण अनुभवाने म्हणतो.

परीक्षणाच्या मर्यादाही शिकवाव्या लागतील. या विकराची चाचणी साधी आहे, पण रक्त फुटत असतानाच ती केली तर खोटी ‘सामान्य’ येऊ शकते, कारण जुन्या दुर्बळ पेशी मरून गेलेल्या असतात आणि नव्या तरुण पेशींत विकर तुलनेने भरपूर असते. रक्त चढविलेले असेल तर दात्याचे विकर मोजले जाते. आमच्या रुग्णाच्या बाबतीत असेच झाले. तीन महिन्यांनी पुन्हा तपासले तेव्हा खरे उत्तर आले. स्त्रियांत नेहमीची चाचणी कित्येकदा चुकविते, कारण त्यांच्या काही पेशी सबल आणि काही दुर्बल असतात. हे सांगण्याचा हेतू घाबरवून प्रायमाक्विन बंद पाडणे हा नाही. ते न दिल्यास व्हायवॅक्स पुन्हा पुन्हा उलटतो आणि प्रत्येक उलटीत बालकाचे रक्त झिजते. न्यून तीव्र नसेल तर वैद्यकीय देखरेखीखाली आठवड्यातून एकदा याप्रमाणे आठ आठवडे देण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेली आहे. मुद्दा नाकारण्याचा नाही, विचारून देण्याचा आहे.

औषधविक्रेते आणि रसशाळाचालक बंधूंसाठी दोन शब्द. कुष्ठरोगातील डॅप्सोन, मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गासाठी सर्रास मागितले जाणारे नायट्रोफ्युरँटॉइन, ही औषधेही अशा रुग्णांत रक्त फोडतात. कपाटातील डांबराच्या गोळ्यांचा वास लागलेल्या दुपट्यात गुंडाळलेल्या नवजात बालकासही धोका असतो. आणि हे सारे पाश्चात्त्य औषधांचेच दुर्गुण आहेत असे मानून कोणी निश्चिंत होऊ नये. आपली मेंदी, मदयंतिका, हिच्यातील रंगद्रव्यामुळे हे न्यून असलेल्या बालकांत रक्त फुटल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. तान्ह्या बाळाच्या तळहातातळपायास मेंदी लावण्याची हौस आपल्याकडेही आहे. चिठ्ठीशिवाय प्रायमाक्विन मागणाऱ्यास परत पाठविणे हा तर कायदाच आहे, पण चिठ्ठी असतानाही ‘लघवीचा रंग बदलला तर गोळी थांबवून लगेच या’ एवढे वाक्य काउंटरवरून सांगितले जाऊ शकते. आम्ही त्या आईस ते सांगितले नव्हते.

शासनाकडेही एक मागणी आहे. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे लक्ष्य आहे आणि ती मुख्यत्वे आदिवासी भागांत होते. बोट टोचलेलेच आहे, माणूस समोर बसलेलाच आहे. ज्या पाड्यांवर हिवताप अद्याप आहे तेथे त्याच वेळी जी-सिक्स-पी-डीची चाचणी केली आणि निष्कर्ष त्याच कार्डावर नोंदविला तर वाढीव श्रम किती लागतील? परळच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय संस्थेने या दोन्ही विषयांवर अनेक वर्षे काम केलेले आहे, म्हणजे तज्ज्ञ शोधण्यास दूर जावयास नको. संघटनेने जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे हे लेखी मांडावे, असा ठराव येत्या सभेत आम्ही ठेवणार आहोत.

आमच्या स्वतःच्या केसपेपरवर त्या प्रसंगानंतर एक ओळ छापून घेतली : ‘मामा / आईचे वडील : औषधाने पूर्वी काही त्रास?’ बहुतेक वेळा ती कोरीच राहते. आजपर्यंत चार कुटुंबांत मात्र ती भरली गेली, आणि त्या चारही ठिकाणी चाचणी झाल्याखेरीज प्रायमाक्विन दिले नाही. तो मुलगा आता बापमाणूस आहे, भट्टीचे काम सोडून तो घाटातल्या एका धाब्यावर नोकरी करतो. त्यास टाळावयाच्या औषधांची मराठी यादी असलेले कार्ड आम्ही दिले होते. ते त्याने दोनदा हरविले. तिसऱ्यांदा लॅमिनेट करून दिले, तेव्हा त्याच्या मुलीच्या नावाचेही एक करून दिले. कार्डाचा नमुना संपादकांकडे ठेवला आहे. ज्या व्यवसायबंधूंस आपल्या दवाखान्यासाठी वा दुकानासाठी छापून घ्यावयाचा असेल त्यांनी तो मागवून घ्यावा.